एकटीनं स्पितीला: थांब्यांवर भेटलेली माणसं

एकटीनं हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना काळजी होती ती रस्त्याची. दरडी कोसळतात, उंचीवर दम लागतो, या वयात कशाला, असं दादाचं म्हणणं. माझ्या मनात निराळंच होतं. मी मुळात कमी बोलणारी. सांगलीत एका कार्यालयात लेखा शाखेत आहे, दिवसभर आकड्यांचं काम. लग्नकार्यातही ओळखीच्या माणसांजवळच बसते. परक्या मुलखात इतके दिवस तोंड उघडायचं ते कुणाजवळ, ही भीती मला उंचीपेक्षा मोठी वाटत होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये जाऊन आले. तेव्हापासून ओळखीच्या बायका विचारतात ते हेच: सोबत कोण होतं? म्हणून सगळं क्रमानं लिहिते, तारखा आणि खर्चासकट. माणसं भेटायला बोलका स्वभाव लागतो असं मला आता वाटत नाही. जिथं चार माणसांबरोबर ताटकळावं लागतं, त्या वाटेनं जावं लागतं. टॅक्सी दारातून उचलते आणि दारात सोडते. सरकारी बसला रांग लावावी लागते, वाट बघावी लागते, शेजारच्याला विचारावं लागतं. माझ्या बहुतेक ओळखी अशाच झाल्या.

स्पितीला जायच्या वाटा दोन. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून जाणारी वाट जवळची, पण ती एका दिवसात साडेचार हजार मीटरच्या वर नेते. शिमल्याहून किन्नौरमार्गे जाणारी वाट लांबची, चढत चढत जाणारी. मी जाताना किन्नौरची घेतली आणि येताना मनालीची. शरीराला उंचीची सवय व्हायला हाच क्रम बरा, असं आमच्या डॉक्टरांचंही मत पडलं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी त्यांनी लिहून दिली, पण आधी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारलं. तुम्हीही स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, दुकानातून परस्पर नको.

अर्जित रजेचा अर्ज जुलैतच टाकला होता. गणपती आणि घटस्थापनेच्या मधले दिवस मागितले, कारण पितृपंधरवड्यात आमच्याकडे फारसं कुणी रजा मागत नाही. सामानात दोन गरम बनियन, कानटोपी, टॉर्च, शेंगदाण्याची चटणी आणि तासगावच्या बेदाण्याच्या पाव-पाव किलोच्या पुड्या. पुड्यांची कल्पना वहिनीची. "कुणाच्या घरी गेलीस तर हातावर ठेवायला काहीतरी असू दे," म्हणाली. ती कल्पना किती कामी आली ते पुढं येईलच.

१० सप्टेंबरच्या रात्री मिरजेहून गोवा एक्स्प्रेस पकडली. १२ तारखेला सकाळी दिल्ली, त्याच रात्री कश्मीरी गेटच्या बसस्थानकावरून शिमल्याची बस. शिमल्यात एक दिवस नुसती पडून होते.

१४ तारखेला शिमल्याच्या टुटीकंडी बसस्थानकावरून रिकाँग पिओची बस धरली. कंडक्टरनं तिकीट फाडलं ते अडीचशेच्या आसपास. मला वाटलं चुकून कमी घेतले, म्हणून विचारलं. तर १ जुलैपासून हिमाचल परिवहनच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या राज्यात बायकांना निम्मं भाडं झालेलं. बसमध्ये इतक्या बायका का, याचाही उलगडा झाला. कुणी लेकीकडे, कुणी दवाखान्यात, कुणी नुसती माहेरी. एकट्या बाईला याहून चांगली सोबत कुठली मिळणार?

माझ्या शेजारी रामपूरच्या पुढच्या गावची एक बाई होती, साठीची. नवऱ्याचे दवाखान्याचे कागद मांडीवर, पायाशी दोन बोचकी. पहिले दोन तास आम्ही एक शब्द बोललो नाही. नारकंड्याच्या चढावर मला मळमळायला लागलं. "खिडकी उघडू का?" एवढं मी विचारलं. तिनं खिडकी उघडली, पिशवीतून लिंबू काढलं, नखानं साल खरवडून माझ्या नाकाशी धरलं. मग मला हिंदीत विचारलं, "एकटी? घरी भांडण झालंय का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटायला रामपूर यावं लागलं. तोवर तिच्या सुनेचं, नवऱ्याच्या किडनीचं आणि माझ्या आईच्या गुडघ्यांचं सगळं बोलून झालं होतं.

तिथून एक गोष्ट मी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही: बोलणं सुरू करायचं ते काहीतरी छोटं मागून. खिडकी, पाणी, पिशवीवर दोन मिनिटं लक्ष. "तुम्ही कुठल्या?" असं थेट विचारलं की समोरचा सावध होतो. मदत मागितली की तोच आपल्याला विचारायला लागतो.

पिओ हे किन्नौर जिल्ह्याचं ठिकाण. तिथून वर कल्पा गावाला दिवसभर बस असतात. कल्पाची उंची २,९०० मीटरच्या वर, आणि समोर किन्नर कैलास. सफरचंदांचे दिवस होते. मी जिथं उतरले त्या घराच्या अंगणात सफरचंदांचे ढीग, आणि घरातली सगळी माणसं आकारानुसार निवडून पेट्या भरत बसलेली. मी विचारलं, बसू का? सासूबाईंनी, डोक्यावर हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी, काही न बोलता पाट सरकवला. १५ तारखेचा सबंध दिवस मी ते काम केलं. हात गुंतलेले असले की गप्प बसणंही अवघड होत नाही, हे मला तिथं जाणवलं. खोलीचे ८०० रुपये ठरले होते. निघताना त्यांनी तेवढेच घेतले आणि पिशवीत सफरचंदं भरून दिली. मी बेदाण्याची पहिली पुडी दिली. सासूबाईंनी एक दाणा चाखून आतून वाळवलेल्या चुली आणल्या, म्हणजे त्यांच्याकडचे रानजर्दाळू. मला त्या फार आंबट लागल्या, पण घाटात मळमळीवर उत्तम.

काझाची, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाची, बस पिओहून सकाळी लवकर सुटते. त्यामुळे आदल्या रात्री कल्पाहून खाली उतरून पिओत, स्थानकाजवळच राहा. एकटीनं अंधारात उतरायची वेळ येऊ देऊ नका. भारतीयांना या रस्त्याला परवाना लागत नाही, परदेशी प्रवाशांना लागतो. तिकिटाच्या खिडकीपाशी मी उजाडायच्या आत जाऊन उभी राहिले, तरी पुढं रांग होतीच. माझ्या पुढं एक तरुण मुलगी, पाठीवर सॅक, हातात वह्यांचा गठ्ठा. ती काझाच्या वाटेवरच्या ताबोजवळच्या एका गावात शिक्षिका होती, माहेरून नोकरीवर परतत होती. गठ्ठ्याची दोरी तुटली, मी माझ्याकडची सुतळी दिली. तिनं खिडकीत माझंही तिकीट सांगितलं आणि सीट शेजारशेजारच्या मागितल्या. नदीच्या बाजूची खिडकी तिनं मला दिली. "मी रोजच बघते," म्हणाली.

त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वळणावळणांनी नाकोच्या दिशेनं चढतो. नाकोच्या पुढं मलिंग नाल्यापाशी बस थांबली. वरून दगड येत होते. मोठी दरड नव्हती, पण थोड्या थोड्या वेळानं नारळाएवढे धोंडे सुटत होते आणि रस्त्यावर मातीचा ढीग साचला होता. चालकानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि दगडावर बसून राहिला. कुणी आरडाओरडा केला नाही. लोक सवयीनं उतरले, सावली शोधून पांगले. पलीकडून ग्रेफचं जेसीबी येईल, असं कंडक्टर म्हणाला. सीमा सडक संघटनेच्या रस्त्यावरच्या दलाला तिकडे सगळे ग्रेफच म्हणतात.

पहिल्या अर्ध्या तासात माझ्या पोटात गोळा आला. फोनला रेंज नाही. ताबोत खोली ठरवलेली नाही. अंधार पडला तर काय? शिक्षिकेला तसं म्हटलं. ती म्हणाली, "दीदी, इथं अंधार पडला तरी बस तिथंच असते आणि माणसंही तिथंच असतात." मग तिनं डबा उघडला. तिच्या डब्यात कुट्टूच्या पिठाचे घावन, माझ्याकडे चटणी. आमच्या शेजारी मागच्या बाकावरची चार-पाच माणसं येऊन बसली. झारखंडमधल्या दुमका जिल्ह्यातली, रस्त्याच्या कामावर निघालेली. या उंचीवरच्या रस्त्यांवर खडी फोडणारे, डांबर टाकणारे कितीतरी हात दुमक्याहून आलेले असतात. चटणी त्यांना भलतीच आवडली. त्यांच्याजवळचे फुटाणे आले, माझी कल्पाची सफरचंदं चाकूनं चिरून सगळ्यांत वाटली. एक कोलकात्याचे निवृत्त काका होते, तेही एकटेच. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणा-झाकणानं दिला.

कुणीतरी चालकाला विचारलं, या रस्त्यावर किती वर्षं? तो सांगायला लागला. हिवाळ्यात बर्फात बस कशी काढतात, कुठल्या वळणावर रात्री गाडी बंद ठेवून सकाळची वाट बघायची. सगळी बस त्याच्याभोवती गोळा झाली. मी आजवर एस.टी.तून हजारदा गेले असेन, पण चालकाचं बोलणं असं कधी ऐकलं नव्हतं.

जेसीबी आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माती बाजूला झाल्यावर आम्हाला तेवढा पट्टा पायी ओलांडायला लावलं, वर नजर ठेवून, एकेकाला. बस रिकामी आली. दुमक्याच्या एका पोरानं न विचारता माझी पिशवी घेतली आणि पलीकडे ठेवली.

सुमदोच्या चौकीपासून स्पिती सुरू होतं. परदेशी प्रवाशांचे परवाने तपासून होईपर्यंत बस तिथंही थांबली. ताबोत पोचलो तेव्हा गडद अंधार. शिक्षिका म्हणाली, आज माझ्याकडे राहा. यावर मी कसा विचार केला ते सांगते, कारण एकट्या बाईला असा निर्णय कधीतरी घ्यावाच लागतो. दिवसभर मी तिला माणसांत वागताना पाहिलं होतं. कंडक्टर तिला नावानं ओळखत होता. तिनं स्वतःहून नवऱ्याला फोन लावून माझ्याशी बोलायला दिलं. तरी मी कंडक्टरला सांगितलं की मी हिच्याकडे चाललेय, आणि दादाला तिचं नाव-गाव कळवलं. तिच्या देखतच केलं हे सगळं. तिला वाईट वाटलं नाही, उलट "असंच करायचं," म्हणाली. त्या रात्री गरम थुकपा, म्हणजे शेवयांचं सूप, आणि दोन जाड रजया. पैसे तिनं घेतले नाहीत. दुसरी पुडी तिथं गेली.

१७ तारखेला ताबोचा मठ पाहिला. इ.स. ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा. आत फोटो काढू देत नाहीत, दिवेही फार नाहीत, टॉर्चच्या उजेडात भिंतीवरची चित्रं एकेक करून दिसतात. कोलकात्याचे काका तिथं परत भेटले. आम्ही दोघं तासभर एकाच भिंतीसमोर बसलो आणि फारसं बोललो नाही. अशी सोबतही हवीशी वाटते.

१८ ला काझा. उंची ३,६०० मीटरच्या वर. पोचल्यावर डोकं ठणकायला लागलं. १९ तारखेला कुठंही न जाता कोमट पाणी पीत पडून राहिले. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही, हा नियम कुणाच्याही आग्रहासाठी मोडू नका. काझात सरकारी दवाखाना आहे, एटीएम आहे. पण एटीएममध्ये पैसे असतीलच असं धरू नका. पिओतच रोख काढून ठेवा.

संध्याकाळी बरं वाटल्यावर बाजारात गेले तर मराठी कानावर पडलं. पुण्याहून मोटारसायकलींवर आलेला मुलांचा मोठा गट. आनंद झाला, बोललेही. छान मुलं होती. पण त्यांना त्यांच्यातलंच बोलायला इतकं होतं की आमचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. एकट्या माणसाला एकटी माणसंच जास्त भेटतात, नाहीतर त्या गावची.

त्याच बाजारात एका माणसानं माझी पाठ धरली. कुठं उतरलात, किती दिवस, उद्या गाडीनं फिरवून आणतो. दोनदा नको म्हटलं तरी सोबत चालत राहिला. समोरच्या दुकानात दोन बायका होत्या, तिथं मी आत शिरले आणि त्यांना सरळ सांगितलं. त्यांतली एक बाहेर जाऊन त्याच्याशी त्यांच्या भाषेत काय बोलली कळलं नाही, पण तो गेला. राहायची जागा आणि पुढचा बेत अनोळखी माणसाला सांगायचा नाही. आणि नको म्हणताना हसायचं नाही. आपल्याला संकोचानं हसायची सवय असते, ती तेवढ्यापुरती सोडावी.

काझाहून किब्बरला जाणारी बस संध्याकाळी जाते, गावात मुक्काम करते आणि सकाळी परत येते. बहुतेक प्रवासी त्यामुळेच टॅक्सी करून दोन तासांत किब्बर बघून येतात. मी २० तारखेला बसच घेतली, कारण तिनं गेलं की रात्र गावात काढावीच लागते. बसमध्ये गावाला परतणारी माणसं, तेलाचे डबे, सिमेंटची गोणी, शाळेची मुलं. मधे 'की' नावाच्या मठाच्या फाट्यावर दोन लामा उतरले. माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईला विचारलं, राहायला कुठं मिळेल? ती म्हणाली, माझ्याकडे. जेवणासकट १,००० रुपये. उतरताना बसमधल्या आणखी एका बाईला विचारून खात्री केली.

किब्बर ४,२०० मीटरच्या वर आहे. सप्टेंबरातच रात्री हाडं गारठतात. सगळं घर स्वयंपाकघरात, तंदूर म्हणतात त्या लोखंडी शेगडीभोवती. मी कणीक मळायला घेतली, तिनं नको म्हटलं नाही. तिचा धाकटा दीर 'की' मठात लामा आहे. त्या खोऱ्यात थोरल्याकडे जमीन आणि धाकट्यानं मठात जायचं, अशी जुनी रीत. तिचा मुलगा शिमल्यात शिकतो. वाटाण्याचं पीक नुकतंच निघालं होतं. स्पितीचा हिरवा वाटाणा खाली मैदानात जातो, घरात वर्षाचा पैसा येतो तो त्याच्यावर.

मग बोलणं पाण्यावर गेलं. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की उन्हाळ्यात कालव्याला पाणी येत नाही आणि वाटाणा करपतो, असं ती सांगत होती. कुठल्या घराला किती वेळ पाणी, यावर गावात बैठका होतात. मी तिला आमच्या जत तालुक्याचं सांगितलं. कृष्णेचं पाणी म्हैसाळहून पंपानं उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, त्याच्या पट्टीचा आणि वीजबिलाचा वाद कसा चालतो, टँकर कसे येतात. हा माझा विषय, आकडे तोंडावर होते. ती एकेक विचारत गेली: पंपाचं बिल कोण भरतं, शेवटच्या गावाला पाणी पोचतं का. तिच्या सासऱ्यांनी माळ ओढता ओढता मधेच दोन प्रश्न विचारले, तिनं त्याचं हिंदी करून सांगितलं. मी आयुष्यात कुठल्या घरी पाहुणी म्हणून इतका वेळ बोलले असेन, मला आठवत नाही. बेदाणे सासऱ्यांनी हातात घेऊन मोजून खाल्ले. सकाळी तिनं पुरचुंडीत छुरपी, म्हणजे वाळवलेलं चीज, बांधून दिली आणि बसपर्यंत आली.

२२ तारखेला पहाटे काझाहून मनालीची बस. तिकिटाची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवा. लोसरच्या पुढं रस्ता फार वाईट. कुंझुमला, ४,५५१ मीटरवर, बस देवीच्या ठाण्याला फेरी घालून पुढं जाते. बातलला ढाब्यावर थांबलो तेव्हा पुन्हा दुमक्याकडचीच माणसं भेटली, वेगळी, हंगाम संपवून घरी निघालेली. त्यांतल्या एकानं मजुरीची चिठ्ठी पुढं केली. दिवस, दर, उचल, जेवणाची कपात. "दीदी, जोडून बघता?" मी ढाब्याच्या बाकावर बसून सगळं जोडलं. बरोबर होतं. मग बाकीच्यांनीही चिठ्ठ्या काढल्या. बसचा हॉर्न वाजेपर्यंत सगळ्यांच्या तपासून झाल्या. पुढं अटल बोगदा, नऊ किलोमीटरचा, आणि पलीकडे एकदम हिरवं मनाली. रेंज आल्यावर एकाच्या रेल्वे तिकिटाची प्रतीक्षायादी बघून दिली. पक्कं झालं होतं.

मनालीहून रात्रीच्या बसनं दिल्ली, दिल्लीहून रेल्वे, आणि घटस्थापनेच्या आदल्या रात्री घरी. सगळा खर्च मिळून अठरा हजारांच्या आत बसला. त्यात सगळ्यात मोठा भाग रेल्वेचा आणि राहण्याचा, हिमाचलमधल्या बसचा अगदी थोडा. शिक्षिकेचा अजून फोन येतो, किब्बरच्या बाईचा दिवाळीला आला होता.

जायचं ठरवत असाल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे धरा. कुंझुमची वाट साधारण जून ते ऑक्टोबरपर्यंतच उघडी असते. त्याच्या आधी किंवा नंतर गेलात तर परतीलाही किन्नौरच्याच वाटेनं यावं लागेल, तेव्हा रजेच्या अर्जात दोन दिवस जास्त लिहा. आणि निम्म्या भाड्याचा नियम अजून तसाच आहे का, ते तिकीट काढताना खिडकीवर विचारून घ्या.